जिभेखालचा पडदा आणि आमचा एकमताचा ठराव

आजवर मी काढलेल्या पत्रकांपैकी लोकांनी खरोखर वाचलं ते एकच, आणि नेमकं तेच चुकीचं होतं.

आमचं घर कॅम्प-१ या कामगार वस्तीत. बाबा भिलाईच्या कारखान्यात फिटर होते. आठ तास मशीन आणि उरलेला वेळ पत्रकं. पगारवाढीचं पत्रक, नळाला पाणी नाही याचं पत्रक, विहारात चपला चोरीला जातात त्याचंही पत्रक. आम्ही दोघी बहिणी अक्षरं त्यांवरूनच शिकलो. पहिलीत मॅडमनी "ध से क्या क्या होता है?" असं विचारलं तेव्हा सगळ्या वर्गानं धनुष सांगितलं, मी 'धिक्कार' सांगितलं. मॅडमनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा घरी येईपर्यंत हसत होते.

घरात आणखी एक रीत होती. कुठलाही प्रश्न सभेत सुटायचा. कूलर कोणत्या खिडकीत लावायचा, माझे केस कापायचे की नाही, सगळं. अध्यक्ष आई, कारण तेवढा वेळ तरी ती बसायची. ठराव बाबा मांडायचे, अनुमोदन मी द्यायचे आणि ताई तटस्थ राहायची. वहीत तसंच लिहिलेलं असायचं: 'एक सदस्य तटस्थ.' ताई शाळेत गणित शिकवते. तिला घोषणा पाठ होत नाहीत.

तर ही ताई बाळंतपणाला नागपूरहून माहेरी आली. मुलगा झाला. भाऊजी रेल्वेत, ते चार दिवस राहून ड्यूटीवर गेले आणि बाळ आमच्या ताब्यात आलं. ताईची एकच इच्छा होती, आणि ती तिनं सातव्या महिन्यापासून सांगून ठेवली होती, "मी त्याले अंगावरच पाजीन."

मला तर आयताच विषय मिळाला. दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी मी ताईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर कागद चिकटवला: 'आईचे दूध हा बाळाचा हक्क! डब्याच्या दुधाचा निषेध!' खाली कंपन्यांच्या नफेखोरीवर दोन ओळी. ताईनं तो वाचला आणि म्हणाली, "हे कोणाले सांगून राह्यली? मले, का याले?"

पण बाळाला हक्क बजावता येत नव्हता. ते तोंड उघडायचं, धरायचं, दोन-चारदा ओढायचं आणि सोडून द्यायचं. पुन्हा धरायचं, पुन्हा सुटायचं. पाऊण तास हे चाले आणि मग थकून झोपी जाई. पंधरा मिनिटांनी उठून परत रडे. ताईच्या स्तनाग्रांना भेगा पडल्या. एकदा बाळानं उलटी केली त्यात लाल धागा दिसला. आई घाबरली, पण ते रक्त ताईचं होतं. बाळ जवळ आणलं की ताई आधी डोळे मिटायची आणि पायाची बोटं आवळून घ्यायची. मी तिच्या पायांकडे बघत बसायचे. बोटं इतकी आवळलेली असत की नखं पांढरी पडत.

माझी पंचाईत झाली. आईचं दूध हा हक्क, हे माझं एक पत्रक. बाईनं कुठलीही वेदना मुकाट्यानं सोसायची नाही, हे माझं दुसरं पत्रक. दोन्ही मीच लिहिलेली आणि दोन्ही खरी. आता पलंगावर दोघांची मारामारी लागली होती आणि मध्ये माझी बहीण रडत होती.

पंधरवड्यानं मितानिन दीदी आली. आमच्याकडे वस्तीतली आरोग्याचं बघणारी बाई म्हणजे मितानिन. तिनं दाराच्या कडीला वजनाचा काटा अडकवला, बाळाला झोळीत घातलं, दोनदा बघितलं आणि कार्डावर पेन टेकवून थांबली.

"वजन नइ बाढ़त हे, बहिनी. जनम के वजन तक नइ आए हे."

"पाजून तर राह्यली मी. दिवसभर पाजून राह्यली," ताई म्हणाली.

"आठ दिन बाद फेर आहूँ. तब तक नइ बाढ़ही त बड़े डॉक्टर. भर्ती घलो कर सकथें, डब्बा घलो दे सकथें."

दवाखान्यात भरतीही करतील, डब्याचं दूधही देतील, हे ऐकून ताईनं मान हलवली. मितानिन गेल्यावर तिनं माझ्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं. मला तो कागद काढून टाकावासा वाटला. पण तत्त्व होतं, म्हणून राहू दिला.

दुसऱ्या दिवशी जामुलहून मोठी आई आली. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. सत्तरीची, हातात मेथीच्या लाडवांचा डबा. तिनं हात धुतले, बाळाला मांडीवर घेतलं, हनुवटी दाबून तोंड उघडलं आणि एक क्षण आत डोकावली.

"याची जीभ खाली चिकटली हाये."

"म्हणजे?" ताईनं विचारलं.

"हे पाह ना. रडते तं जीभ वर नाई उठत. शेंड्यावर कशी खाच पडली, पत्त्यातल्या बदामावानी. माह्या दुसऱ्या पोराचीबी असीच होती. पहिले सुईण करंगळीच्या नखानं कापे—"

"नखानं!" मी उभी राहिले.

"मोठी आई, हे तुमी काय बोलून राह्यल्या!" बाबाही उभे राहिले.

"अरे, आयकून तं—"

"ऐकायचं काय? सोळाव्या दिवशी लेकराची जीभ कापायची? नखानं?" माझा आवाज गल्लीत गेला असणार, कारण समोरच्या ओसरीवरचं बोलणं थांबलं. "अशाच गोष्टींनी आपल्या पिढ्या खाल्ल्या! अंधश्रद्धा घराच्या आत येते तेव्हा लाडवाचा डबा घेऊनच येते!"

हे वाक्य मला बोलता बोलताच आवडलं होतं. मोठी आईनं माझ्याकडे, मग डब्याकडे पाहिलं. "लाडू तं ठेव," म्हणाली, "बाकी तुमचं तुमी पाहा." आणि तीनच्या बसनं परत गेली.

त्याच संध्याकाळी सभा झाली. बाबांनी ठराव मांडला: 'नवजात बालकाच्या जिभेस कोणत्याही प्रकारे छेद देण्याच्या अघोरी प्रथेचा ही सभा तीव्र निषेध करते.' मी अनुमोदन दिलं. आईनं "मंजूर" म्हटलं, कारण गॅसवर भाजी होती. ताई आतल्या खोलीत बाळाला धरून बसली होती, म्हणून तिचं मत विचारलं गेलं नाही. वहीत आम्ही 'एकमताने' असं लिहिलं.

आणि मी पत्रक काढलं.

एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं हिंदी. 'सावधान! बाळाच्या जिभेवर अंधश्रद्धेची कात्री!' मजकुरात मी लिहिलं की जिभेला शेंड्याशी खाच दिसली, जीभ वर उठली नाही, तर काही बायका ती 'चिकटली' म्हणतात. पण अशी जीभ कापावी असं विज्ञानात कुठेही सांगितलेलं नाही. 'विज्ञानात कुठेही' हे मी विज्ञानात कुठेही न बघता लिहिलं. खाली सही: 'जागरूक महिला, कॅम्प-१.' जागरूक महिला मी एकटीच होते. पिवळ्या कागदावर झेरॉक्स काढून गल्लीत, विहारात, किराणा दुकानात, सगळीकडे वाटलं.

आजपर्यंत आमच्या पत्रकांत लोकांनी भजी खाल्ली होती. हे मात्र वाचलं! दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर दुकानदार आरशासमोर जीभ वर करून बघत होता. "दीदी, मेरी उठ रही है ना?" नळावर बायका एकमेकींच्या पोरांची तोंडं उघडत होत्या. दोन म्हाताऱ्यांमध्ये कोणाची जीभ नाकाला लागते यावर पैज लागली. मी कापण्याचा निषेध केला होता आणि गल्लीनं तपासायला सुरुवात केली होती. तरी मी खूश होते. जागृती म्हणजे जागृती.

घरात मात्र जागृतीनं काहीच फरक पडला नव्हता. बाळ ओढायचं, सुटायचं, रडायचं. पिताना त्याच्या तोंडातून टक्-टक् असा आवाज यायचा. आम्हाला वाटायचं, चव घेतं. ताई पाजायला बसली की बाबा पाठ करून दाराबाहेर खुर्चीवर बसत आणि वर्तमानपत्र वाचत. चौथ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"हे टक्-टक् काय होऊन राह्यलं?"

"पिऊन राह्यला तो," आई आतून म्हणाली.

"हा पिण्याचा आवाज नाई. हवा ओढून राह्यला." बाबांनी भिंतीला कान लावला. माझ्या आठवणीत असाच कान ते मोटारीला लावायचे. "सक्शन धरत नाई. सील बसत नाई. टाकीत माल हाये, पंप चालू हाये, पण मधातून लीक हाये, म्हणून पंप गरम होऊन राह्यला आणि माल येत नाई."

"माह्या पोरीले टाकी म्हणता?" आई कडाडली.

"अवो, तिची नाई, सीलची गोष्ट करून राह्यलो मी! जीभ पुरी बाहेर येऊन खालून धरत नसन तं सील कसं बसन?"

हे बोलून त्यांनी ठरावांच्या वहीकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वीचा ठराव त्यांच्याच अक्षरात होता.

आतून ताईचा आवाज आला. रडका नव्हता, वर्गातला होता. "मी उद्या डॉक्टरकडे चालली."

"सभा घेऊ का आज?" मी विचारलं.

"ज्यानं ज्यानं ठराव पास केला त्यानं आत ये आणि याले पाज," ताई म्हणाली. "मंग सभा घेऊ."

कोणी आत गेलं नाही.

डॉक्टर सुपेल्यात होत्या, लहान मुलांच्या, पन्नाशीच्या. मी सोबत गेले ते तत्त्वाचं रक्षण करायला. बाकावर आमच्याआधी बसलेल्या बाईच्या हातात पिवळा कागद होता. मी कागद ओळखला आणि ओढणी पुढे घेतली.

डॉक्टरांच्या टेबलावरही एक होता. बाळाला हात लावण्याआधी त्यांनी तो उचलला. "आप लोग कैंप-१ से हैं? ये जागरूक महिला को जानते हैं? सुबह से चौथी माँ ये लेकर आई है."

ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. सख्ख्या बहिणीनं!

"विज्ञान में कहीं नहीं लिखा?" डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "तो मैं यहाँ क्या कर रही हूँ?"

त्यांनी हातमोजा घालून बोट बाळाच्या जिभेखालून फिरवलं. बाळ रडलं तेव्हा जीभ वर उठते का ते पाहिलं. मग ताईला म्हणाल्या, इथेच पाजा, मला बघायचं आहे. दहा मिनिटं त्या नुसत्या बघत होत्या, आवाज ऐकत होत्या. मग त्यांनी सांगितलं की जिभेखाली प्रत्येकाला एक पातळ पडदा असतो. याचा आखूड आहे आणि अगदी शेंड्याजवळ जुळलेला आहे. त्याला टंग-टाय म्हणतात. पण पडदा दिसला की काप, असं नसतं. कितीतरी मुलं तशीच छान पितात. आधी धरायची पद्धत सुधारून बघायची.

त्यांनी ताईचं कोपर उचललं, बाळाचं पोट ताईच्या पोटाला लावलं, हनुवटी आधी टेकवली, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं. "तीन दिन ऐसे. बीच में अपना दूध निकालकर कटोरी-चम्मच से भी दो, वजन नहीं गिरना चाहिए. और अगर कम पड़े तो डिब्बे का भी दे देंगे."

"डिब्बे का?" माझ्या तोंडून निघालंच.

"बच्चा भूखा रहे, ये किस पर्चे में लिखा है?"

मी घरी येऊन भिंतीवरचा कागद काढला. टेपबरोबर रंगाचा पोपडाही निघाला.

तीन दिवसांनी दुखणं थोडं कमी होतं, पण टक्-टक् तसंच. डॉक्टर म्हणाल्या, आता पडदा सोडवू. घरात रक्त न थांबण्याचा कोणाला आजार आहे का, जन्मताच व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिलं होतं का, सगळं विचारून त्यांनी दुसऱ्या सकाळची वेळ दिली.

त्या दिवशी दुपारी बाबांनी स्वतः फोन करून मोठी आईला बोलावलं. निषेध मागे घ्यायचा तर जिचा निषेध झाला ती हजर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ती आली, खाली बसली, आणि बाबांनी ठराव रद्द करण्याचा ठराव मोठ्यानं वाचला. त्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा होता.

"झालं?" मोठी आईनं विचारलं. "आता मी बोलू? त्या दिवशी मी काय म्हणून राह्यली होती? पहिले सुईण नखानं कापे, आणि माह्या पोराचं तोंड पिकलं, म्हणून तुमी नीट डॉक्टरले दाखवा. एवढंच तं म्हणत होती. तुमी पुरं ऐकलं कोठी? 'पहिले' म्हटलं का दोघंबी उभे!"

आयुष्यभर आम्ही 'स्त्रियांचा आवाज दाबू नका' छापत आलो होतो.

"मोठी आई, माफ करा," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

"माफी ठेव. लाडू कसे झाले होते ते सांग."

लाडू मी एकटीनं अर्धे संपवले होते. ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं कागदावर सही केली. नर्सनं बाळाला चादरीत गुंडाळलं आणि विचारलं, डोकं धरायला आत कोण येणार? मी मागे सरकले. ताई म्हणाली, "तू ये. अजून विरोध करायचा असन तं जवळून कर."

मी बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. ते गरम होतं आणि माझ्या तळहातांपेक्षा लहान. डॉक्टरांनी खाच असलेली चपटी पट्टी जिभेखाली घालून जीभ वर उचलली. दिवा सरळ तोंडात पडला आणि मला तो पडदा दिसला. पातळ, जवळजवळ पारदर्शक. इतक्याशासाठी मी गल्ली पेटवली होती.

"मॅडम, शुरू करने से पहले बताइएगा," मी म्हणाले.

"हो गया."

रक्ताचे दोन थेंब. डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबला. बाळ किंचाळलं आणि मी हात सोडून मागे सरकले. नर्सनं वेळेवर बाळ उचललं. मी जी वस्तू सापडली तिच्यावर बसले, ती पायानं उघडणारी कचरापेटी निघाली. झाकण आत वाकलं आणि मी त्याच्याबरोबर. "इनको पानी दो," डॉक्टर नर्सला म्हणाल्या, "बच्चा ठीक है."

बाळ लगेच ताईकडे दिलं. ताईनं डोळे मिटले, पायाची बोटं आवळली. हनुवटी टेकवली, तोंड मोठं होईपर्यंत थांबली. त्यानं धरलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा धरलं ते धरलंच. मी कचरापेटीतून कान देऊन ऐकत होते. टक् एकदाच झालं, मग नाही. नुसता घुटका, श्वास, घुटका. ताईनं एक डोळा उघडला, मग दुसरा. चप्पल तिच्या पायातून गळून पडली.

"दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

"चूप बस. मोजून राह्यली मी."

ती घुटके मोजत होती. गणिताची बाई.

सगळं तिथेच सुटलं नाही. त्याला जीभ वापरायला शिकायचं होतं, आणि तो आमच्याच घरातला असल्यामुळे त्यानं वेळ घेतला. दोन दिवस बरं, एक दिवस वाईट असं चाललं. जिभेखाली पांढरट डाग दिसला तेव्हा मी पू-पू म्हणून ओरडले. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, जखम भरताना तसंच दिसतं. मी शुद्धिपत्रक काढलं, चुकीचं काय होतं ते मुद्देसूद लिहिलं. ते कोणी वाचलं नाही. शेवटी दारोदार जाऊन तोंडानं सांगावं लागलं: जिभेला खाच दिसली म्हणून घाबरू नका, तिथे नख लावू नका, पण लेकरू नीट पीत नसेल, आईला दुखत असेल, वजन वाढत नसेल तर डॉक्टरला दाखवा. आणि हो, 'जागरूक महिला' मीच. दुकानदारानं मला मान खाली घालून हे सांगताना ऐकलं आणि एक पारले फुकट दिला.

मितानिन आठ दिवसांनी येणार होती, ती शिबिरामुळे आणखी दहा दिवसांनी आली. काटा दाराला लागला. सगळं घर गोळा झालं. बाबांनी मध्येच हात घातला, "एक मिनट. काटा शून्यावर हाये का?" त्यांनी किलोभर तूरडाळीचं पाकीट झोळीत घालून पाहिलं. काटा बरोबर होता. मितानिननं पाकीट परत देताना बाबांकडे असं बघितलं की तिच्या जागी मी असते तर पत्रक काढलं असतं.

पण बाळ यायला तयार नव्हतं. ताई आत पाजत होती.

"थांबा दीदी. याचं व्हायचं हाये अजून."

मितानिन एक चहा प्यायली. मग दुसरा. मग ताई त्याला घेऊन आली, अर्धवट झोपलेला, तोंडाच्या कडेला दूध. झोळीत ठेवला. काटा हलला, डोलला आणि थांबला. मितानिननं वाकून बघितलं, कार्ड काढलं आणि या वेळी पेन टेकवून थांबली नाही.

"बाढ़ गे, बहिनी! बने बाढ़ गे!"

बाबा "रीडिंग दाखवा, रीडिंग" करत पुढे घुसले, आईनं त्यांना मागे ओढलं. या गोंधळानं बाळ जागं झालं आणि झोळीतच हातपाय झाडत ओरडायला लागलं. जीभ वर, पार टाळूपर्यंत.

ताईनं कार्डाकडे बघितलंही नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली, पदर सरकवला आणि हात पुढे केले.

"द्या इकडे त्याले. भूक लागली."